तिरकी मान

एप्रिल निम्मा सरला की आमच्या भागातले पत्रे बोलायला लागतात. दुपारी एकच्या सुमाराला गल्लीतली माणसं गप्प झालेली असतात. वर तापलेले पत्रे टक्‌ टक्‌ करत ताणले जात असतात आणि त्यांच्याखाली यंत्रमागांची खडखड चालू असते. दारादारात विड्यांसाठी भिजवलेल्या तेंदूच्या पानांचे गठ्ठे असतात. त्यांचा तो ओल्या गोणपाटासारखा, किंचित कडवट वास. ज्यांनी सोलापुरात उन्हाळा काढलाय त्यांना तो सांगावा लागत नाही. ज्यांनी काढलेला नाही त्यांनी खुशाल मोगऱ्यावर आणि वाळ्याच्या पडद्यांवर लिहावं, माझी काही हरकत नाही.

मला या दिवसांत आणखी एक वास येतो. जळालेल्या कागदाचा.

यंदाही शाळांच्या दारांशी रांगा लागल्यात. पोरांची डोकी तेल लावून चोपडून बसवलेली, आयांच्या हातात जन्माचे दाखले, मारुतीच्या देवळासमोरचा रसवाला खूश. परवा आमच्या कार्यकर्त्यांच्या मंडळाची बैठक झाली. दुसऱ्या एका शाळेनं पहिलीच्या प्रवेशाला म्हणे चाचणी लावलीय. मणी ओवून दाखवा, आकृत्या काढून दाखवा. झालं! सगळे माझ्याकडे वळले. "पत्रक तूच लिही. तुझा हात बसलाय." हात बसलाय हे खरं. चार वर्षांत मी इतकी पत्रकं लिहिली की झोपेतून उठवलं तरी ‘पालकहो!’ पासून ‘धिक्कार असो!’ पर्यंत न थांबता सांगू शकेन. सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल माझ्यासमोर पडलंय. टोकदार लेखणीनं मी ‘पालकहो’ एवढं कोरलंय. पुढे काही सरकत नाही.

कारण ‘पालकहो’ म्हटलं की मला नरसम्मा दिसते, आणि नरसम्मा दिसली की तिच्यामागे मान तिरकी करून उभी राहिलेली राजमणी.

---

तो उन्हाळा मोठ्या दुष्काळानंतरचा. एक पावसाळा बरा गेला होता, पण पोरांच्या तोंडातून अजून दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीचं नाव गेलेलं नव्हतं. मी कॉलेजात होते, विशीत होते आणि माझं सगळं बरोबर होतं. घरी कानडी, वडिलांच्या नव्या पेठेतल्या कापडदुकानात मराठी, आणि दुकानात लुगडी घ्यायला येणाऱ्या बायकांकडून शिकलेली मोडकीतोडकी तेलुगू. एवढ्या भांडवलावर मी विणकरांच्या गल्लीत दुपारचा वर्ग चालवत होते. लिंबाखाली गोणपाट टाकायचं, पोरं गोळा करायची. वडील म्हणायचे, "आपल्या दुकानात कापड मोजायला वेळ नाही, आणि लोकांच्या पोरांचा शेंबूड पुसायला आहे!" मी त्यांना भांडवलदार म्हणायचे. ते हसायचे. तेव्हा त्याचाही राग यायचा.

त्या वर्षी गल्लीजवळच्या शाळेनं नवीन टूम काढली. पहिलीत नाव घालायच्या आधी मुलांची ‘हात आणि डोळे यांच्या मेळाची चाचणी’ होणार. जी मुलं पास होणार नाहीत त्यांची वेगळी तुकडी. ती कुठं बसणार? व्हरांड्यात. शिकवणार कोण? बघू. हे ‘बघू’ म्हणणारे संस्थेचे चिटणीस, पांढऱ्याशुभ्र धोतरातले. गल्लीत या प्रकाराला ‘मण्यांची परीक्षा’ असं नाव पडलं, कारण पोरांना त्यातले रंगीत मणी तेवढे आवडले होते.

परीक्षा घ्यायला संस्थेतल्याच काटीकर बाई आल्या. पन्नाशीच्या, कृश, काठाचं सुती पातळ, आवाज कोरडा. पुण्याला जाऊन बालशिक्षणाचं काहीतरी शिकून आलेल्या. बरोबर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. त्यात लाकडी मणी, बुटाची नाडी, बोथट कात्री, कापडाचा चेंडू, एक छोटा तांब्या, एक पेला आणि पुठ्ठ्याची पाच कार्डं: गोल, अधिकाचं चिन्ह, चौकोन, त्रिकोण आणि शंकरपाळीचा आकार. पोरांना मराठी नीट कळत नाही म्हणून दुभाषी पाहिजे होता, तर मी गेले. मनात म्हटलं, बरंच झालं, आतून बघायला मिळेल यांचं कारस्थान.

मोठ्या व्यापाऱ्यांची पोरं आली की कार्ड बघून झरझर शंकरपाळी काढायची. का नाही काढणार? घरात पाट्या, खडू, रंगाच्या वड्या. आमची पोरं पेन्सिल मुठीत धरायची, खुरपं धरावं तशी. शंकरपाळीचा बटाटा व्हायचा. बाई काही न बोलता टिपून घ्यायच्या आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागायची.

मग राजमणी आली. सहा वर्षांची, दोन लाल रिबिनी, बोटांना तंबाखूचा पिवळा रंग. आईबरोबर बसून विड्यांची तोंडं दुमडायची. लहान नखाचं ते काम, मोठ्यांच्या बोटाला तेवढं नाजूक जमत नाही. बाईंनी मणी दिले. पोरीनं नाडी घेतली आणि खिडकीबाहेर बघत, लिंबावरच्या कावळ्याशी काहीतरी पुटपुटत, बघता बघता सगळी माळ ओवून टाकली. एकदासुद्धा मण्याकडे पाहिलं नाही!

"अगं, बघून ओव," बाई म्हणाल्या.

"बघितलं की चुकतंय बाई," राजमणी म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या आया खदखदून हसल्या. नरसम्मा तर पदर तोंडाला लावून. "आमची अशीच हाय बाई, उलटी. जेवतानाबी ताटात बघत न्हाय." मीही हसले आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. काय वाक्य होतं! बघितलं की चुकतंय! बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

पुढं त्यांनी चेंडू टाकला. पोरीचे हात मिटले ते चेंडू पडून गेल्यावर. पुन्हा टाकला. पुन्हा तसंच. तांब्यातून पेल्यात पाणी ओतायला सांगितलं. धार पेल्याच्या बाहेर, बोटभर अंतरावर. तीनदा ओतलं, तिन्ही वेळा त्याच बाजूला, तेवढ्याच अंतरावर. फरशीवर एकच डाग पसरत गेला. मग आकृत्या. राजमणीनं कागद नाकाशी नेला, मान डावीकडे तिरकी केली आणि ओढल्या रेघा. एक रेघ दुसरीला भेटेना. शंकरपाळीची चारही टोकं उघडी. बाईंनी तिच्या एका डोळ्यावर आपला तळवा ठेवला आणि समोर बोट फिरवलं. मग दुसऱ्या डोळ्यावर. पोर रडायला लागली.

मी काय विचार केला ते सांगते. मी म्हटलं, गोरे साहेब लोक असेच आपल्या लोकांची डोकी मोजायचे. मी वहीत लिहिलं: ‘चेंडू कुणी दिला होता हिला? पेला सांडला की मार मिळतो त्या घरात, हात कापणारच. हिच्या बोटांची परीक्षा कारखान्यातला तपासनीस रोज घेतो, वाईट विडी तोडून फेकतो, आणि हिची विडी फेकली जात नाही. तुमचा चेंडू ठेवा तुमच्यापाशी.’

बाई राजमणीच्या कागदाच्या तळाशी लिहीत होत्या. बारीक, उभट अक्षर, पेन्सिलीनं. चार ओळी. ओळी चार होत्या हे मला आजही दिसतं. त्यात काय होतं ते मला दिसत नाही, कारण मी वाचल्याच नाहीत.

---

शाळेनं ते कागद पालकांना वाटले. वर निळ्या शाईचा ठसा: ‘वेगळी तुकडी’. खाली पालकांची सही किंवा अंगठा. दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बायका कागद घेऊन लिंबाखाली आल्या. लिहिलेलं वाचायचं तर माझ्याकडे यायचं, हे तिथं ठरलेलंच होतं. पोस्टकार्डं मी वाचायचे, औषधाच्या बाटल्या मी वाचायचे, कारखान्याच्या नोटिसा मी वाचायचे.

"काय लिव्हलंय अक्का?" नरसम्मानं विचारलं. कागद तिनं चार घड्या करून चोळीत ठेवला होता, घामानं दमट झाला होता.

मी ठसा वाचला. म्हटलं, "तुमच्या राजमणीला मंद म्हणतायत."

‘मंद’ हा शब्द त्या कागदावर कुठंच नव्हता. तो माझा. पत्रक लिहिणाऱ्याला नेमका शब्द सापडावा लागतो, तसा मला तो सापडला होता.

नरसम्माचा चेहरा पडला. मग ती एकदम उसळली. "माझ्या पोरीला? पाच वर्साची असल्यापास्नं तोंडं दुमडती ती! मंद असल त्या बाईची माय!"

"म्हणून तर," मी म्हटलं, "सगळे कागद माझ्याकडे द्या. कुणी अंगठा द्यायचा नाही. आणि ती परीक्षावाली बाई दारात आली तर दार उघडायचं नाही."

गठ्ठा झाला. तो गठ्ठा तीन दिवस माझ्याकडे होता. कॉटखाली, माझ्या चपलांच्या शेजारी. त्या तीन दिवसांत मी पत्रक लिहिलं. रात्रंदिवस नाही हो, दुपारीच, घाम पुसत, पंखा नसलेल्या खोलीत, आणि इतक्या आनंदात की काय सांगू! संतापाचा आनंद असतो एक. तो ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. शब्द आपोआप रांगेत येऊन उभे राहतात. मी लिहिलं:

‘ज्या बोटांवर हे शहर चालतं त्या बोटांना तुम्ही नापास करता? राजमणी म्हणते, बघितलं की चुकतं. खरंच आहे! तुमच्याकडे बघितलं की आमचं चुकतं! ती मान तिरकी करून बघते, कारण सरळ मानेनं बघावं अशी तुमची लायकी नाही!’

शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी उठून खोलीत एक फेरी मारली. एवढं बरं वाटलं होतं.

सायक्लोस्टाइलवर छापलेलं ते पत्रक मागांवर गेलं, विड्यांच्या कारखान्यांवर गेलं, बाजारात गेलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी पाठ केलं. गल्लीतली पोरं राजमणीला दिसली की मान तिरकी करायची, आणि ती पोर, जी एरवी कुणाच्या खिजगणतीत नव्हती, ती छाती काढून आणखी तिरकी करायची. लोक टाळ्या पिटायचे.

---

कागदांची होळी शाळेच्या फाटकासमोर, बरोबर बारा वाजता. डांबर वितळून चपला चिकटत होत्या. बायका सुपं मांडीवरून खाली ठेवून आल्या होत्या, बोटांना तंबाखू तशीच. माग बंद ठेवून काही बाप्येही आले होते. मी दगडावर चढले, गठ्ठा हातात घेतला, घोषणा सुरू झाल्या.

काटीकर बाई शाळेच्या दारातून बाहेर आल्या. छत्री नाही, चपला नाहीत. गर्दीतून वाट काढत थेट माझ्या दगडापाशी. घोषणा थांबल्या, काय होतंय बघायला.

"जाळ," त्या म्हणाल्या. "मला त्याचं काही नाही. पण त्यातला राजमणीचा कागद मला काढून दे. तिच्या डोळ्यांचं लिहिलंय त्यात. डोळे तपासायला पाहिजेत तिचे."

नीट ऐकू आलं मला. शब्द न्‌ शब्द. ऊन होतं, गर्दी होती, पण कान शाबूत होते. गर्दी माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, तयारच असायचं ते.

"डोळे तपासायचे तर तुमच्या संस्थेचे तपासा!"

काय हशा झाला! काय टाळ्या! नरसम्मा सगळ्यांत जोरात हसली. मी काडी ओढली. कागद वाळलेलेच होते, त्या उन्हात आधीच अर्धे भाजलेले, भुर्रकन गेले. काळी चिटोरी वर उडून लिंबात अडकली. बाई तिथंच उभ्या होत्या. चटके बसत होते म्हणून एक पाय दुसऱ्या पायावर ठेवत होत्या. एवढं मला दिसलं. त्याचाही मला विजय वाटला.

आठवड्यात संस्था वाकली. चाचणी रद्द, वेगळी तुकडी रद्द, सगळी पोरं एकाच वर्गात. गल्लीत गूळ-शेंगा वाटल्या. नरसम्मानं माझ्या वेणीत गजरा माळला आणि कानशिलावर बोटं मोडली. "आमची अक्का म्हंजे आमचा वकील हाय." नंतर एकदा हसत हसत तिनं सांगितलं, "ती परीक्षावाली आल्ती की. दोनदा आली. म्या आतूनच म्हनलं, आमच्या अक्काला इचारल्याबिगर दार उघडत न्हाय. गेली उनाची."

मी तिची पाठ थोपटली.

---

पुढची तीन वर्षं मी कुठं होते? होते की इथंच. भाववाढीवर होते, पाण्याच्या नळांवर होते, एस.टी.च्या भाड्यावर होते. अन्याय काय, कमी पडतो? राजमणी शाळेत होती; म्हणजे तो प्रश्न सुटला होता. सुटलेल्या प्रश्नाकडे कोण वळून बघतं?

नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. शाळेनं आमची पोरं घेतली खरी, पण शिक्षक त्यांना ‘होळीची पोरं’ म्हणायचे आणि शेवटच्या रांगेत बसवायचे. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. काढला तर परत फाटकावर येतील. शेवटच्या रांगेतून राजमणीला फळा म्हणजे काळा धूर दिसत असणार. पण कान तिखट होते. कविता ऐकून पाठ, पाढे ऐकून पाठ. पहिली गेली, दुसरी गेली. तिसरीत गुरुजींनी नवीन धडा वाचायला उभं केलं तर पोर पुस्तक नाकाला लावून नुसती उभी. रोज उभी. रोज छडी. शेवटी गुरुजींनी तिच्या बापाला बोलावून सांगितलं की पोरीला डोकं नाही, मंद आहे.

तोच शब्द. कागदावर नव्हता, मी घातला होता, मी जाळला होता. तो तीन वर्षं वाट चालून परत तिच्याच दारात आला. बापानं नाव काढून टाकलं. "न्हाय तर न्हाय. हात हायत की चांगले," म्हणाला. हातांचं कौतुक तर मीच छापून वाटलं होतं.

हे कळलं तेव्हा मी काय केलं माहितीये? शाळेतल्या गळतीवर पत्रक लिहिलं.

---

या फेब्रुवारीत देवळाच्या सभामंडपात डोळे तपासणीचं शिबिर झालं. मी नावं लिहायला बसले होते. नरसम्मा आली, तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. बरोबर राजमणी. दहा वर्षांची, उंच झालेली, बोटं अजून पिवळी. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. आईचे डोळे बघून झाल्यावर त्यांची नजर पोरीकडे गेली, म्हणाले, "ही अशी मान का धरते?"

"तशीच हाय ती," नरसम्मा अभिमानानं म्हणाली. "पेपरात आल्तं तिचं."

डॉक्टरांनी पोरीला स्टुलावर बसवलं. एका डोळ्यावर तळवा ठेवला आणि समोर बोट फिरवलं. मग दुसऱ्या डोळ्यावर. माझ्या हातातला पेन थांबला. तो तळवा, ते बोट मी आधी पाहिलं होतं.

"उजवा डोळा कामातून गेलाय," ते मला म्हणाले, मी तिथली शिकलेली बाई म्हणून. "आजार काही नाही. लहानपणापासून वापरलाच नाही मेंदूनं. डावाही कमजोर आहे, म्हणून मान वळवून जेवढं जमतं तेवढं बघते. सहा-सात वर्षांची असताना आणली असती तर चष्मा देऊन, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून या डोळ्याला कामाला लावला असता. आता डाव्याला चष्मा देतो. उजव्याचं काही होणार नाही." मग पेनला टोपण लावता लावता त्यांनी विचारलं, "शाळेत कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"शाळेत तर अक्कानंच घातली की," नरसम्मा म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी झेलला असता. टोमणे झेलायची सवय आहे मला. ती आभार मानत होती.

---

मी बार्शीला गेले. काटीकर बाईंची बदली होऊन त्या तिकडे गेल्या होत्या आणि आता निवृत्त होऊन भावाकडे राहत होत्या. एस.टी.त सगळ्या वाटेनं मी वाक्यं जुळवत होते. मला वाक्यं जुळवता येतात. दारात पोचले तेव्हा त्यातलं एकही उरलं नव्हतं.

अंगणात आंब्याच्या फांदीला सुतळीनं एक चिंध्यांचा चेंडू टांगला होता. शेजारची दोन लहान मुलं उताणी पडून झुलत्या चेंडूकडे बघत होती. डोकं हलवायचं नाही, नुसते डोळे फिरवायचे, असा तो खेळ. पायरीवर ताटात चिंचोके आणि गहू मिसळून ठेवले होते, निवडायला. जमिनीवर खडूनं वळणावळणाची वाट काढलेली, तिच्यावरून बोट न्यायचं. आणि कट्ट्यावर तो बिस्किटांचा डबा, गंजलेला.

बाईंनी मला ओळखलं. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी राजमणीचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग मी विचारलं, "त्या चार ओळी काय होत्या?"

"शब्द कसे आठवतील? पण पाणी एकाच बाजूला सांडत होतं ना," त्या म्हणाल्या. "हाताची चूक असती तर कधी इकडे, कधी तिकडे सांडलं असतं. हात बरोबर होता. डोळ्यांनी दाखवलेली जागाच चुकीची होती. मणी न बघता ओवले, ते त्यासाठीच. पोर हुशार होती गं, डोळे फसवतात हे तिला कळलं होतं."

"मग तुम्ही हेडमास्तरांना..."

"गेले होते. म्हणाले, बाई, आता त्या पोरांचं नाव काढू नका." त्यांनी चेंडूचा झोका बोटानं थांबवला. "मला ती तुकडी हवी होती. संस्थेला पोरं व्हरांड्यात टाकायची होती, हे मला दिसत नव्हतं असं समजू नकोस. मला वाटलं, पडू दे व्हरांड्यात. रोज अर्धा तास माझ्या हातात तर येतील. चेंडू, चिंचोके, कात्री. वर्षभरात निम्मी पोरं सरळ झाली असती. हा माझा हिशेब. चुकला."

चेंडूखालचं एक पोर जोरात शिंकलं.

"आणि ते मी कागदाच्या खाली लिहिलं," त्या म्हणाल्या. "वर लिहायला हवं होतं. ठशाच्या वर."

त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण केलं नाही. रागावल्याही नाहीत. पाणी दिलं. चहा घे म्हणाल्या नाहीत. निघताना मी वळून पाहिलं तर त्यांनी चेंडू पुन्हा सोडला होता आणि मुलांचे डोळे त्याच्यामागे जात होते: इकडे, तिकडे, इकडे.

---

म्हणजे चाचणी चांगली होती का? मंडळातले लोक मला हेच विचारतील. नव्हती. पेन्सिल कधी न पाहिलेल्या पोराला शंकरपाळी काढायला लावून त्याची जागा ठरवणं हा अन्याय होता, आहे, आणि मी मरेपर्यंत त्याला अन्यायच म्हणेन. धोतरवाल्या चिटणीसांना राजमणीच्या डोळ्यांशी देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त वर्गातली गर्दी चाळून काढायची होती. हे सगळं खरं आहे. तिरक्या मानेचं वाक्य सोडलं तर पत्रकातला शब्द न्‌ शब्द खरा आहे. आणि तरी एका पोरीचा डोळा गेला, आणि तो त्या खऱ्या शब्दांच्या धुरात गेला. याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. नुसतं खोटं बोलून नुकसान केलं असतं तर माफी मागून मोकळी झाले असते.

शंभरदा मी मनात तो दगडावरचा क्षण परत आणते. गठ्ठ्यातून एक कागद काढायचा होता. एक! होळी थांबणार नव्हती, लढा बुडणार नव्हता. फक्त एक टाळी कमी पडली असती.

---

काल दुपारी मी नरसम्माच्या घरी गेले. पत्रे तडकत होते. आत अंधार, पानांचा वास, कात्रीची करकर. नरसम्मा कारखान्यात माल द्यायला गेली होती. राजमणी एकटीच, मांडीवर सूप. पत्र्याचा साचा पानावर ठेवून ती कडेकडेनं कात्री फिरवत होती, पानाकडे न बघता, अंगठ्यानं कड चाचपत. कोनाड्यात शिबिरातला चष्मा ठेवलेला, त्याच्या काचांवर तंबाखूची धूळ.

"चष्मा का नाही घालत?"

"घातला की विड्या चुकत्यात अक्का," ती म्हणाली. "बसा की. पाणी देऊ का?"

उठली. माठातून तांब्या भरला. पेला घेतला, डाव्या हाताचं बोट पेल्याच्या आत घातलं, त्या बोटाला तांब्याची कड टेकवली आणि पाणी ओतलं. पाणी बोटाला लागल्यावर थांबली. एक थेंब सांडला नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारी बाई दोनदा आली होती, तिला दार उघडलं नव्हतं.

मी ते पाणी प्याले.

माझ्या पिशवीतून स्टेन्सिलची गुंडाळी बाहेर डोकावत होती. पिशवी हलली तसा तिचा खरखर आवाज राजमणीनं बरोबर ओळखला. "नवा कागद काढूलालाव काय अक्का? शाळंचा? त्यात मी हाय का?"

"अजून लिहिला नाही," मी म्हटलं.

"माझं जुनं घाला की. मला सगळं येतंय." आणि ती उभी राहिली, हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणायला राहतात तशी. "ज्या बोटांवर हे शहर चालतं..." एक शब्द चुकला नाही. चार वर्षांत घरात तेवढाच एक छापील कागद, तो आईनं कुणाकुणाकडून वाचून घेतलेला, आणि हिनं ऐकून ऐकून तोंडपाठ केलेला. बाहेर माग खडखडत होते. ती शेवटच्या वाक्याला आली, ‘ती मान तिरकी करून बघते’, आणि तिथं थांबली. छाती काढली. मान डावीकडे वाकवली, होती त्याहून जास्त. पोर दहा वर्षांची झाली, पण ते करताना तिचा चेहरा सहा वर्षांचा झाला.

मी दारातल्या उजेडाकडे पाठ करून बसले होते. तिला माझा चेहरा दिसत नव्हता. मी जिथं होते त्याच्या बोटभर बाजूला ती बघत होती.

"अशीच न्हवं अक्का?" तिनं विचारलं. "बरोबर हाय का?"

"व्हय," मी म्हटलं. "बरोबर हाय."